लेबर कॅम्प ते लेबर कॅम्प : व्हाया लंडन, न्यूयॉर्क, कोयासान

माटुंगा लेबर कॅम्पातल्या आम्ही तीन कुटुंबांनी बुद्धपौर्णिमेला एक वही उघडली. पहिल्या पानावर लिहिले : मुंबई, लंडन, न्यूयॉर्क, कोयासान, मुंबई. शेजारी विचारू लागले, लॉटरी लागली काय? लॉटरी कुठली! पगारातून दरमहा बाजूला काढलेली रक्कम आणि पाच वर्षांची मुदत, हेच आमचे भांडवल.

मार्ग बाबासाहेबांनी आखून दिलेला आहे. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन स्मारक केले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ ते १९१६ शिकले. तेथील ग्रंथालयात १९९५ पासून त्यांचा अर्धपुतळा आहे. जपानात डोंगरावरच्या कोयासान येथील बौद्ध विद्यापीठात २०१५ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. पश्चिमेकडे चालत राहिले की पूर्वेकडून घरी पोहोचतो, म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणाच झाली.

विमान कंपन्यांच्या काही गटांकडे अशा प्रदक्षिणेचे एकच तिकीट मिळते. अट अशी की दिशा एकच ठेवायची, उलटे फिरायचे नाही. पॅसिफिक ओलांडताना तारखेतला एक दिवस गळतो. हा दिवस रजेत धरायचा की नाही, यावर आम्हा कारकून मंडळींत दोन रविवार वाद झाला. (धरायचा, असे ठरले.) काही झाले तरी ६ डिसेंबरपूर्वी परत यायचे. चैत्यभूमीवर पाणीवाटपाला आम्ही असतोच.

बोधगया, सारनाथ, कुशीनगरच्या धम्मयात्रा आम्ही रेल्वेने केल्या आहेत. लुंबिनीला नेपाळात जातानाही पासपोर्ट लागला नव्हता. आता मात्र खरी मेहनत कागदांची आहे. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी निम्म्यांची जन्मतारीख १ जून! गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली. एका वहिनींचे नाव आधार कार्डावर एक, दाखल्यावर दुसरे, लग्नानंतरचे तिसरे. एका कचेरीत त्यांना चार हेलपाटे घालावे लागले. पाचव्या वेळी आम्ही सगळेच सोबत गेलो. वाचकांनी तिकिटाचा विचार करण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे नाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर जुळते का, ते पाहावे.

व्हिसाचाही क्रम आहे. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून ती आधी. इंग्लंडचा अर्ज निघण्याआधी तीन महिन्यांच्या आतच करता येतो. जपानचा एकवेळचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो आणि आम्ही जपानला पोहोचणार सर्वांत शेवटी. त्यात पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी देता येतो. ही सगळी गणिते आमच्या वहीत पेन्सिलीने आहेत, कारण नियम बदलतात.

सामानाबद्दलचा धडा बाबासाहेबांच्याच चरित्रातला. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले. महायुद्ध चालू होते. पाणतीराने ती बोट बुडाली आणि पुस्तके-कागद समुद्रात गेले. म्हणून पासपोर्ट, औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच राहणार, पेटीत नाही.

पहिल्या बैठकीत आम्ही पुरुषांनी फक्त आपलीच तीन नावे लिहिली होती. खर्च निम्मा होईल, असा साळसूद हिशेब. चहा घेऊन आलेल्या वहिनी वही वाचून म्हणाल्या, "१९२० साली बाबासाहेब नवल भथेनांकडून पाच हजारांचे कर्ज काढून लंडनला गेले. रमाईने परळच्या चाळीत मागे राहून संसार ओढला. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. तुम्हाला काय झालंय?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तीनाची सहा नावे झाली, तीन वर्षांची मुदत पाच वर्षे झाली.

गेल्या महिन्यात तिसऱ्या कुटुंबातल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची होती. भाऊ संकोचत आले, म्हणाले, आमचे पैसे काढून घेऊ का? शिक्षणासाठी मागितलेली रक्कम त्याच आठवड्यात द्यायची, हा नियम वहीच्या दुसऱ्याच पानावर आहे. शनिवारी पैसे त्यांच्या हातात दिले. त्यांची दोन नावे मात्र आम्ही खोडलेली नाहीत. फक्त मुदतीपुढचे पाच खोडून सात केले आहे.