भाट्याच्या उन्हात साडी विकताना

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फोटो काढतात ते हौशी. धंदा करणारे सकाळी येतात. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी समुद्र पाठीशी घेतला की सूर्यही पाठीशी येतो. चेहरा काळवंडतो, साडीचा काठ कसला आहे ते कळत नाही. फोटो देखणा येतो, नाही असं नाही, पण काळी सावली बघून कोणी साडी मागवत नाही. सकाळी सुरूबनावरून, म्हणजे जमिनीच्या बाजूने ऊन येतं ते थेट अंगावर. मागे समुद्र निळा राहतो आणि जरीचा धागान् धागा दिसतो.

हे मला शिकवलं आमच्या आळीतल्या एका मुलीने. ती मॉडेल आहे. मुंबईला न जाता, इथेच राहून साडीवाल्यांचं आणि दागिनेवाल्यांचं काम करते, आणि ते सगळं इन्स्टाग्रामवरून मिळवते. मला काकी म्हणते. तिचा भाऊ मोबाइलवर फोटो काढतो, मी थर्माकोलची शीट धरून हनुवटीखालची सावली घालवते. शिवाय बँकेत जन्म गेल्यामुळे तिच्या कराराचे कागद वाचण्याचं कामही माझ्याकडेच आहे.

शूटचा दिवस पंचांग बघून ठरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण भरती आणि उभं राहायला वाळूच नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती अकरा-सव्वाअकराला, म्हणजे उजाडताना पाणी लांब गेलेलं असतं. ओली वाळू मोकळी सापडते आणि तिच्यावरून उजेड वर उसळतो. पाऊणकी पाठ असलेली तिच्या वयाची दुसरी मुलगी मला माहीत नाही.

साडी आदल्या रात्री दुकानातून येते आणि दुसऱ्या दिवशी परत जायची असते. किमतीचं लेबल काढायचं नाही, ते निऱ्यांत आत दडवायचं. पिन जपून, कारण भोक पडलं की साडी गळ्यात. दुकानाचा ब्लाउज बहुतेक वेळा ढगळ असतो, म्हणून पाठीवर कपड्यांचे चिमटे लावून तो आवळतात. समोरून बाई महालक्ष्मीसारखी, पाठीमागून दोरीवर वाळत घातल्यासारखी. वारा पडलेला असेल तर पदराच्या टोकाला तंगूस बांधून मी चौकटीबाहेरून ओढते. मासे गळाला लावायचा तो धागा फोटोत अजिबात दिसत नाही. खाऱ्या पाण्याचा शिंतोडा उडाला की सगळे एकदम ओरडतात.

साडीतली बाई चित्रात बसवून माल विकणं आपल्याकडे नवं नाही. लीला चिटणीस 1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या होत्या. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांवरच्या बायका बघून दिवाळी अंक उचलणारे वाचक माझ्या घरातच होते. पुढे गौतम राजाध्यक्षांच्या कॅमेऱ्यासमोर बसणं म्हणजे चेहऱ्यावर शिक्कामोर्तब. पण हे सगळं मुंबईत. रत्नागिरीच्या मुलीने आधी पोर्टफोलिओचे पैसे उभे करायचे, मग ते जाडजूड बाड घेऊन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायच्या. 2020च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि ते बाड खिशात मावायला लागलं.

मावायला लागलं म्हणून काम कमी झालं असं मात्र नाही. फोटो तासा-दीड तासात उरकतात, उरलेला दिवस मोबाइलवर हिशेब. तिचं खातं प्रोफेशनल आहे, त्यामुळे कोणत्या गावातून, कोणत्या वयाच्या लोकांनी पाहिलं ते आकडे दिसतात. लाइककडे ती ढुंकूनही बघत नाही. लाइक मुलगे करतात, सेव्ह बायका करतात, आणि साडी बायका घेतात, असा तिचा सिद्धान्त. कोणत्या रंगाला सेव्ह जास्त, हे ती महिनाअखेरीस दुकानदाराला कागदावर लिहून देते. मला विचाराल तर तिच्या मेहनतान्यातला निम्मा या कागदाचा आहे, चेहऱ्याचा नाही. दुकानदारांना हे अजून पटलेलं नाही. ते फॉलोअर किती एवढंच विचारतात.

रीलमध्ये पहिल्या सेकंदाला पदर दिसला पाहिजे, चेहरा नंतर. सिनेमाची गाणी ती दुकानाच्या कामाला लावत नाही. जाहिरातीत गाणं वापरायचं तर त्याचे हक्क लागतात. त्यापेक्षा स्वतः बोलते: सूत कुठलं, धुवायची कशी, अंगावर जड होते का. चापूनचोपून नेसलेली साडी बसल्यावर कशी दिसते हे दाखवायला ती चक्क मांडी घालून बसते. त्या रीलला सगळ्यात जास्त प्रश्न आले.

पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर ‘जाहिरात’ असं लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सरांसाठी हा नियम 2021 साली आणला, आणि 2023च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हापुन्हा केल्यास 50 लाख. एका दुकानदाराने तिला सांगितलं, “अगो, जाहिरात म्हणून लिहिलंस तर कोण बघणार?” तिने लिहिलंच. तो शब्द हॅशटॅगांच्या झुडपात न लपवता पहिल्या ओळीत लिहिते.

पैशांऐवजी वस्तू देण्याची टूम फार. “साडी ठेव तुलाच” म्हणतात, जशी काही पैठणी दाखवून वीजबिल भरता येतं. कंपनीने वर्षात 20 हजारांच्या वर वस्तू दिल्या तर 2022च्या जुलैपासून त्यावर 10 टक्के कर कापायचा नियम आहे. वस्तू परत केली तर मात्र तो लाभ धरत नाहीत. म्हणून परत केलेल्या प्रत्येक साडीची पावती आम्ही फाइलला लावतो. करारात फोटो किती महिने आणि कुठे वापरायचा, हे मी लाल शाईने लिहायला लावते. त्याआधी एका दुकानाने मोबाइलसाठी काढलेला फोटो न विचारता दिवाळीत भल्यामोठ्या होर्डिंगवर लावला. तिच्या आजीला कोण आनंद झाला! पैसे काही मिळाले नाहीत.

घाण मेसेजांबद्दल ती फारसं बोलत नाही. किनाऱ्यावर असताना तिथला फोटो कधी टाकत नाही, घरी पोचल्यावर टाकते. नोंदणीचे पैसे मागणारा कास्टिंगवाला आला की ब्लॉक. कमेंटमधले ठरावीक शब्द आपोआप लपवायची सोय आहे, पण तीत मराठीतले शब्द आपले आपण भरावे लागतात. शिव्यांच्या बाबतीत कोकण किती संपन्न आहे हे त्या दुपारी कळलं. देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत यादी केली. तिच्या आईने सुचवलेल्या काही मला नव्या होत्या.

पावसाळ्यात किनारा बंद. मग पडवी. जांभ्याच्या भिंतीला खेटून उभं राहिलं तर तिचा तांबूसपणा गालावर आणि फिक्या साडीवर उतरतो, म्हणून भिंतीपासून चार हात पुढे यायचं किंवा मागे पांढरी चादर टांगायची. त्या चादरीसमोरच मध्यंतरी मुंबईच्या एका एजन्सीसाठी फोटो काढले. त्यांना समुद्र नको, साडी नको, मेकअपही नको: साधा टी-शर्ट, केस बांधलेले, समोरून, बाजूने, पाठीमागून. सोबत नाव आणि उंची सांगणारा छोटा व्हिडिओ. उंची पाच फूट तीन इंच, ती तिने तशीच सांगितली, आणि रॅम्प नको, साड्यांच्या कॅटलॉगसाठी विचार करा असंही लिहिलं. त्यांनी यादीत नाव घेतलं. आता अधूनमधून फोन येतो, “उद्या सकाळी अकराला अंधेरीत पोचाल ना?” तिने कळवलंय, किमान दोन दिवस आधी सांगा, कोकणकन्येचं तिकीट मिळत नाही.