कर्नेलचे शुद्धलेखन

मराठीच्या मास्तराने संगणकाच्या कर्नेलवर लिहावे, हे कित्येकांस आगाऊपणाचे वाटेल. वाटो बापडे! पण त्या घरात घडले आहे ते आपल्या १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांसारखेच, आणि तेथे माझा थोडाफार अधिकार चालतो.

कर्नेल म्हणजे संगणकाचा कारभारी. मेमरी, डिस्क, पडदा, सारे त्याच्या ताब्यात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतलेले लिनक्स हे असेच एक कर्नेल. नेहमीचे प्रोग्राम त्याच्या दिंडीदरवाजाशी येऊन मागणे मागतात. त्या दरवाजाची रीत मोडावयाची नाही, हा टोरवाल्ड्सचा कडक दंडक. म्हणून जुने प्रोग्रामही बहुधा निमूट चालतात. यंत्राचे सुटे भाग हाकणारे ड्रायव्हर मात्र थेट माजघरात वावरतात, आणि माजघरातील मांडणी केव्हाही बदलेल, असे कर्नेलवाल्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. नवी आवृत्ती तर दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते!

'ॲक्सेस ओके' नावाचे एक फंक्शन घ्या. प्रोग्रामने दिलेला मेमरीतला पत्ता त्याच्या हद्दीतला आहे ना, एवढेच ते पाहते. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागत: वाचावयाचे की लिहावयाचे, पत्ता आणि लांबी. पैकी पहिली जुन्या ३८६ प्रोसेसरच्या काळची. पुढे तिला कोणी विचारीना. 'नांव', 'कांहीं' यांवरचा अनुस्वार जिभेवर नव्हता, लेखणीत तेवढा उरला होता, तशीच गत! जानेवारी २०१९ मध्ये टोरवाल्ड्सने ती काढली, आणि कर्नेलमध्ये जेथे जेथे ती होती तेथे तेथे दुरुस्तीही केली. कर्नेलबाहेर राहणाऱ्या ड्रायव्हरांचे काय? त्यांच्या लेखकांना लिहावे लागले: आवृत्ती ५.० पूर्वीची असेल तर तीन गोष्टी सांगा, नंतरची असेल तर दोन. अशा 'जर-तर'ची ठिगळे लागलेले ड्रायव्हर पाहिले की गोधडी आठवते.

अनुस्वारांचे जुने पुस्तक आपण आजही वाचतो. वाचक सांभाळून घेतो. यंत्राला ती समजूत कोठून असणार? नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी 'डीकेएमएस' नावाची सोय आहे. पण ती टंकलेखक, व्याकरण तिला कळत नाही.

"ड्रायव्हर आमच्या घरात आणा, मांडणी बदलणाराच तोही सुधारील," हे कर्नेलवाल्यांचे सांगणे मला पटते. पण कंपनीने पाठ फिरवली की भुर्दंड बसतो तो ग्राहकाला. आमच्या विभागातील संगणकाचे वायरलेस कार्ड नव्या कर्नेलनंतर असेच मुके झाले. कार्ड ठणठणीत, ड्रायव्हर पोरका! एका विद्यार्थ्याने दोन रात्री खपून ते बोलते केले. आता तोच ड्रायव्हर कर्नेलमध्ये घेतला जावा म्हणून तो नीटनेटका करीत बसला आहे. परीक्षा तोंडावर आली, हे मी त्याला दोनदा सांगून पाहिले.