नमुना एकाने आखावा, उपयोग सर्वांनी करावा

कचेरीत नवा कारकून रुजू झाला की त्याला आधी नमुने दाखवतात. रजेचा अर्ज कसा, प्रवासभत्त्याचे बिल कसे. कोणीतरी एकदा नीट आखून दिलेला कागद पुढे शेकडो जण भरतात. आखणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नसते, पण त्याने वाचवलेला वेळ सर्वांच्या वाट्याला येतो. संगणकाच्या जगातही असे नमुने आहेत आणि ते आपल्या मुलामुलींना आखता येण्याजोगे आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आमचाच अनुभव सांगतो. मिरजेत आम्ही काही कार्यकर्त्यांनी रक्तदात्यांची यादी संगणकावर केली. यादी एका फुकट सेवेत, एका मुलाच्या खात्यावर. मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला. एका रात्री तातडीने रक्त हवे होते, तर यादी उघडेना! शेवटी जुनी वही शोधून रक्तदाते जमवले. दोष कोणाचा? आमचाच. शेकडो माणसांची नावे, पत्ते, फोन नंबर आपण गोळा करतो, मग ते ठेवायचे कोठे आणि किल्ली कोणाकडे, याचा विचार संस्थेने करायला नको का? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदाही झाला आहे.

यावर एक मार्ग आहे. संस्थेने स्वतःचा लहानसा सर्व्हर घ्यावा, किंवा भाड्याने घ्यावा, आणि त्यावर मुक्त प्रणाली चालवावी. मुक्त म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा अशी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या चळवळीची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले. ग्रंथालयांसाठी असलेली ‘कोहा’ ही प्रणाली न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयात २००० साली सुरू झाली. तेथील माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्या मुंबईतही २००८ साली सुरू झालेल्या फ्रॅपे कंपनीने हिशेबाची व व्यवसायाची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली अशीच सर्वांसाठी खुली ठेवली आहे.

अडचण असे ती बसवण्याची. २०१३ मध्ये डॉकर आले आणि कार्यक्रम त्याच्या सगळ्या सामानासह एका डब्यात बंद करून कोठेही चालवता येऊ लागला. त्यापुढची पायरी म्हणजे कूलिफायसारखी व्यासपीठे. हंगेरीतील आंद्राश बाचाई यांनी सुरू केलेली ही मुक्त प्रणाली साधारण दोन जीबी मेमरीच्या सर्व्हरवरही बसते. तिच्यात दोनशेहून अधिक कार्यक्रमांचे तयार नमुने आहेत. यादीतून निवडा, बटण दाबा, कार्यक्रम सुरू!

हा नमुना म्हणजे काय? एक साधी मजकुराची फाईल. वर कार्यक्रमाची एका ओळीत ओळख, माहितीचा पत्ता, चिन्ह आणि पोर्ट. खाली कोणते डबे लागतात, माहिती कोठे साठवायची आणि डबा ठीक चालतो की नाही हे कसे तपासायचे. पासवर्ड मात्र फाईलमध्ये लिहायचा नसतो. तेथे ठरावीक शब्द घातला की बसवताना प्रत्येकाला नवा पासवर्ड आपोआप मिळतो. ओळींपुढची रिकामी जागा फार महत्त्वाची. टॅबची कळ वापरली की फाईल चालत नाही. आम्हा हिशेबनिसांना एका शून्याची किंमत ठाऊक असते, तसेच हे.

नमुना आधी स्वतःच्या सर्व्हरवर चालवून पाहावा. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर माहिती शाबूत आहे ना, हे बघावे. मग प्रकल्पाच्या जाहीर भांडारात विनंतीसह पाठवावा. जाणकार तो तपासतात, चुका दाखवतात, कधी नाकारतातही. त्यात कमीपणा नाही. स्वीकारला गेला, तर पाठवणाऱ्याच्या नावाने कायमची नोंद राहते. नोकरीच्या मुलाखतीत ती दाखवता येते. तेथे ओळख, वशिला विचारत नाहीत, फाईल चालते का एवढेच पाहतात.

मात्र स्वतःचा सर्व्हर म्हणजे जबाबदारीही स्वतःचीच. माहितीची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, सुधारित आवृत्त्या वेळेवर घ्याव्यात आणि किल्ली किमान दोघा पदाधिकाऱ्यांकडे असावी. हे जमणार नसेल, तर या वाटेला जाऊ नये.

शिकायला मुंबई-पुणे गाठायलाच हवे असे नाही. शेजारी सांगलीत, १९४७ साली स्थापन झालेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्त्यांचा गट आहे. मुक्त प्रणालीच्या प्रसारासाठी तो उपक्रम घेतो.

पालकांनो, मुलगा-मुलगी रात्री संगणकासमोर बसली तर लगेच रागावू नका. काय करतोस, असे जवळ बसून विचारा. आणि तरुणांनो, पहिला नमुना आपल्या अभ्यासिकेसाठी, आपल्या ग्रंथालयासाठी आखा. तो चालला की जगासाठी पाठवा. आमची यादी त्या रात्री उघडली नाही. तुमची उघडली पाहिजे.