तोलाचे व्यायाम : एकट्याने व जोडीने

शरीराचा गुरुत्वमध्य आधाराच्या क्षेत्राबाहेर गेला की तोल जातो, हे तत्त्व मुलांस प्रथम कृतीने पटवावे. पाय फाकवून उभे असलेले मूल हलक्या धक्क्याने ढळत नाही. तेच एका पायावर उभे राहताच डळमळते. म्हणून शिक्षणाचा क्रम रुंद आधाराकडून अरुंद आधाराकडे असावा.

आरंभी वृक्षासन घ्यावे. दृष्टी समोरच्या एका स्थिर बिंदूवर ठेवावयास सांगावे. डोळे मिटताच तोल राखणे कठीण होते, हे मुलांनी स्वतः पडताळून पाहावे. ५ अंक मोजेपर्यंत स्थिरता साधल्यावरच पुढील पायरी घ्यावी.

जोडीसाठी उंचीने व वजनाने सारखी मुले निवडावीत. त्यांनी समोरासमोर, पायांची बोटे जवळ आणून उभे राहावे, परस्परांची मनगटे धरावीत व हात ताठ ठेवून मागे झुकावे. येथे एकाचे वजन हाच दुसऱ्याचा आधार होय. एकाने अकस्मात हात सोडल्यास दोघांचाही तोल जातो. यास्तव शिक्षकाच्या खुणेवर दोघांनी आधी सरळ व्हावे, मगच हात सोडावेत.

जागा मऊ मातीची, खडे वेचलेली असावी. गुडघे व हात टेकलेल्या जोडीदारावर चढताना त्याच्या कण्याच्या मध्यावर भार कदापि देऊ नये. तो खांद्यांवर वा कटीवर द्यावा. भित्र्या मुलास आग्रह करू नये. त्यास सावरणारा म्हणून बाजूस उभे करावे. दुसऱ्यास सावरता सावरता त्याचे स्वतःचे भयही ओसरू लागते.