मळणीचा धुरळा छातीत किती खोल जातो?

परतीच्या पावसात सोयाबीनची गंजी भिजली, वरून ताडपत्री टाकली तरी आतून वाफ धरली, आणि आठ-दहा दिवसांनी मळणीयंत्र लावले की कसा काळपट धुरळा उठतो, हे तुम्हाला सांगायला नको. 'धुरळ्याचं काय एवढं, जन्मच त्यात गेला,' असे म्हणून आपण तोंडाला रुमाल बांधतो आणि पेंढ्या लावत राहतो. संध्याकाळी मात्र अंगात कणकण येते, कोरडा खोकला सुटतो, बांध चढताना धाप लागते. हा साधा थंडीताप असेलच असे नाही. त्यासाठी धुरळ्याच्या मागोमाग एकदा छातीत उतरून पाहू.

नाक ही पहिली चाळणी. तिथले केस आणि चिकट स्राव मोठी धूळ अडवतात; हवा ओली नि कोमट होऊन पुढे जाते. कष्टाच्या कामात दम लागला की आपण तोंडाने श्वास घेतो, म्हणजे ही चाळणीच टळते. पुढे श्वासनलिका, दहा-बारा सेंटिमीटर लांबीची. छातीत तिचे दोन फाटे होतात. उजवा फाटा जास्त रुंद आणि सरळ असतो. म्हणून लहान पोराच्या श्वासात अडकलेला शेंगदाणा बहुतेक वेळा उजव्याच बाजूला सापडतो. (खाता खाता पोराला एकाएकी ठसका लागला आणि नंतर छाती घरघरू लागली, तर खोकल्याचे औषध पाजत बसू नका, दवाखाना गाठा.)

कालव्याला वितरिका, वितरिकेला चाऱ्या, चाऱ्यांना पाट, तसे हे फाटे सुमारे तेवीस वेळा फुटत जातात. शेवटी असतात वायुकोश. त्यांची संख्या तीस कोटींहून अधिक. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठ्याला थोडे कमी भरतील! त्यांची भिंत केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. तिच्यातूनच प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

नळ्यांच्या आतून बारीक केसांचा झाडू सतत चालू असतो. तो धूळ चिकटलेला कफ वर घशाकडे ढकलतो. बिडीच्या धुराने हाच झाडू लुळा पडतो. वायुकोशात तर तो मुळातच नाही. तिथे पोचलेला कण रक्षक पेशींनी गिळायचा, एवढाच उपाय.

भिजलेल्या गंजीत किंवा कुजक्या कडब्यात वाढणारी बुरशी आणि तिच्यासारखे सूक्ष्म जीव इतके बारीक बीज सोडतात, की ते थेट वायुकोशापर्यंत जाते. ज्यांच्या शरीराला त्याचे वावडे असते, त्यांच्या फुफ्फुसाला सूज येते. इंग्लंडमध्ये कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी १९३२ साली बुरसलेले गवत हाताळणाऱ्यांमधला हा आजार नोंदवला. 'फार्मर्स लंग' हे त्याचे नाव. गोम अशी, की त्रास लगेच होत नाही. चार ते आठ तासांनी होतो. म्हणून दुपारच्या मळणीचा संबंध रात्रीच्या तापाशी कुणी लावत नाही. तापाची गोळी घेतली, दोन दिवसांत बरे वाटले, पुन्हा यंत्रावर! असे वर्षानुवर्षे चालले तर फुफ्फुसात वण पडतात. हे वण भरून निघत नाहीत. मग घागर उचलली तरी माणूस धापा टाकतो.

तेव्हा डॉक्टरांना आपण होऊन सांगा, 'आज ओलसर माल मळला', 'कडब्याची जुनी गंजी फोडली'. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. माल वाळवूनच गंजी लावा. यंत्रावर वारा पाठीशी घेऊन उभे राहा. रुमाल मोठी धूळ अडवतो, हे बारीक बीज नाही. कोरोनात माहीत झालेला एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवला तर बराच उपयोगी पडतो. दाढीवर तो नीट बसत नाही, हेही ध्यानात ठेवा. ज्याला एकदा असा त्रास झाला, त्याने त्या कामापासून दूरच राहावे. घरातल्या दुसऱ्याने यंत्र सांभाळावे.

फवारणीला मात्र हा मास्क पुरेसा समजू नका. तो कण अडवतो, औषधाची वाफ नाही. शिवाय विष कातडीतूनही शरीरात भिनते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. डब्यावर जो मास्क, हातमोजे आणि कपडे लिहिलेत, तेच वापरा, आणि विकत घेतानाच दुकानदाराकडून ते वाचून घ्या.