मांजराचं लिटर : नैसर्गिक कोणतं आणि स्वस्त कोणतं?

लिटरच्या पिशवीवर ‘नैसर्गिक’ असं छापलेलं दिसलं की आपण दोन गोष्टी गृहीत धरतो: यात रसायन नाही आणि मांजराला यापासून अपाय नाही. गोळे धरणारं राखाडी लिटर मात्र ‘केमिकलचं’ ठरतं. प्रत्यक्षात ते बेंटोनाइट असतं, म्हणजे ज्वालामुखीजन्य पदार्थ बदलत जाऊन बनलेली माती. आपल्या शेजारच्या कच्छमध्ये तिच्या खाणी आहेत. अमेरिकेत 1947 साली एड लो यांनी शेजारणीला मांजराच्या पेटीसाठी राखेऐवजी वाळवलेली शोषक माती दिली आणि तिथून लिटरचा धंदा उभा राहिला, म्हणजे सुरुवातच मातीपासून झाली. या मातीवर खरे आक्षेप वेगळे आहेत: ती खणून काढावी लागते, कुजत नाही आणि हलक्या प्रतीची असली तर धुरळा उडतो. लहान पिल्लं चार महिन्यांची होईपर्यंत गोळे धरणारं लिटर टाळावं, कारण ती ते चघळतात आणि पोटात गेलं की ते फुगतं. लिटर निवडताना पाहायचं ते हे. ‘नैसर्गिक’ या शब्दावरून यातलं काहीच कळत नाही.

स्वस्ताचा हिशोबही असाच फसवा आहे. आपण किलोचा भाव पाहतो, पण पाहायला हवा महिन्याचा खर्च. गोळे धरणाऱ्या लिटरमधून ओला गोळा तेवढा उचलायचा आणि कमी झालं तेवढी भर घालायची. गोळे न धरणारं लिटर काही दिवसांनी सगळंच टाकावं लागतं. लाकडी पॅलेटची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या छोट्या कांड्यांची, रीत निराळी आहे. लघवी लागली की पॅलेट फुगते आणि तिचा भुसा होतो. तळाला चाळणी असलेल्या ट्रेमध्ये हा भुसा हलवल्यावर खाली पडतो, कोरड्या पॅलेट वर राहतात. म्हणून किलोला महाग वाटणारी पिशवी महिन्याअखेर परवडू शकते. ट्रेवर पैसे घालवायची गरज नाही; मांजराला आत सहज वळता येईल असं मोठं प्लॅस्टिकचं घमेलं आणि त्यात बसणारी जाळी पुरते.

मग वखारीतला भुसा का नको, तो तर जवळजवळ फुकट मिळतो? आक्षेप रास्त आहे आणि स्वच्छ, कोरड्या, साध्या लाकडाचा जाडसर भुसा चालतोही. अडचण अशी की वखारीत प्लायवुड आणि एमडीएफचा भुसाही त्यातच मिसळलेला असू शकतो, आणि त्या फळ्यांत फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो. बारीक भुशाची धूळ मांजराच्या नाका-फुप्फुसांत जाते, ट्रे साफ करणाऱ्याच्याही. बॉयलरसाठी विकल्या जाणाऱ्या जळणाच्या पॅलेटमध्येही शेतातला पालापाचोळा, शेंगांची टरफलं असं काय काय असतं. लिटर म्हणून बनवलेल्याच घ्याव्यात. कोकोपीट भरपूर पाणी धरतं, पण त्याची वीट भिजवून फुलवली की पसरून पूर्ण वाळवावी लागते, नाहीतर पंजांना चिकटून घरभर जातं. पावसाळ्यात हे वाळवणं कठीणच. भाताचा तूस ओल फारशी शोषत नाही. वाळूतली लघवी तर तळाशी साचून राहते.

वासाबद्दलचा समज सर्वांत महागात पडतो. सुगंधी लिटर घेतलं की काम झालं, असं वाटतं. पण वास येतो तो लघवीतल्या युरियाचं जंतू अमोनियात रूपांतर करतात म्हणून, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळच मिळू न देणं, म्हणजे रोज ओला भाग काढणं, हा खरा उपाय. सुगंध माणसाला सुखावतो. बऱ्याच मांजरांना तो नकोसा होतो आणि ती ट्रे सोडतात. ट्रे धुताना फिनाईल तर अजिबात नको. त्यात असू शकणारं फिनॉल शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. ब्लीचही नको, कारण अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो. साबण आणि गरम पाणी पुरे.

‘कुजणारं आहे, मग संडासात टाका किंवा कुंडीत घाला’ हा सल्लाही नाकारावा. मांजराच्या विष्ठेत टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी असू शकतात आणि ती पाण्यात-मातीत दीर्घकाळ टिकतात. कॅलिफोर्नियाने तर लिटरच्या पाकिटावर ‘संडासात टाकू नका’ अशा सूचनेची सक्ती कायद्यानेच केली. भाजीच्या खतात हे लिटर घालू नये. कागदात घट्ट गुंडाळून घंटागाडीत द्यावं. विष्ठेतून पडल्यावर ही अंडी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई इथेही कामी येते. गर्भवती स्त्रीने शक्यतो हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावं.

एवढं सगळं जुळूनही मांजर नाही म्हणू शकतं. पीटर बोर्चेल्ट यांच्या 1991 च्या अभ्यासात मांजरांचा कल बारीक, गोळे धरणाऱ्या मातीकडे दिसला होता, त्यामुळे जाड पॅलेट सगळ्यांना रुचतीलच असं नाही. म्हाताऱ्या, पाय दुखणाऱ्या मांजराला तर त्या टोचतात. नव्या लिटरचं छोटं पाकीट आणावं, जुना ट्रे न हलवता शेजारी दुसरा मांडावा आणि आठवडाभर पाहावं. तरुण, निरोगी मांजराने पॅलेट स्वीकारल्या, तर आपल्याकडच्या घरासाठी लाकडी पॅलेट आणि चाळणीचं घमेलं ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. स्वीकारल्या नाहीत, तर कमी धुळीची, बिनवासाची माती निःसंकोच घ्या. गादी आणि सोफा धुण्याच्या खर्चापुढे ती स्वस्तच आहे. आणि नर मांजर ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल, लघवी होत नसेल, तर लिटर बदलत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.