आवरलेल्या हाताची कथा

फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या निकेलोडिअन वाहिनीवर सुरू होऊन जुलै २००८ मध्ये, ६१ भागांनंतर, समाप्त झालेल्या 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या ॲनिमेशन मालिकेचा मागोवा घेऊ लागले असता ध्यानात येते ते असे की, बाह्यतः ती अग्निराष्ट्राच्या जुलमी अमलाविरुद्धच्या संग्रामाची कथा असली, तरी तिचे खरे रणक्षेत्र आंग या, चारही महाभूतांवर हुकमत चालवू शकणाऱ्या, बारा वर्षांच्या अवताराच्या अंतःकरणात आहे.

पहिल्या पर्वात अग्निविद्येचा गुरू जाँग-जाँग त्याला आधी श्वास आवरावयास सांगतो; पण उतावीळ आंग खेळता खेळता ज्वाळांचे कडे फिरवतो आणि त्यात त्याची सखी कताराचेच तळहात भाजून निघतात. तेथे शत्रू नसतो, द्वेषही नसतो. असते ती केवळ पोरसवदा हौस. पुढे सागरदेवतेशी एकरूप होऊन तो शत्रूचे अवघे आरमार उद्ध्वस्त करतो, तेव्हा प्रेक्षक सुखावतो. दुसऱ्या पर्वाच्या प्रारंभी मात्र त्या अवतारावस्थेतील, म्हणजे अवताराची सारी सुप्त शक्ती उसळून येते त्या अवस्थेतील, स्वतःचेच रूप दुःस्वप्नात पाहून आंग दचकून जागा होतो. त्या अवस्थेचे हत्यार करू पाहणारा सेनापती फाँग कताराला जमिनीत गाडल्याचा देखावा करतो, आणि उसळलेल्या त्या कोपाने त्याच्याच गढीची धूळधाण होते.

मरुभूमीतील प्रसंग तर विसरता येत नाही. आपला उडता गवा आप्पा चोरीस गेला आणि चोरट्यांनी त्याच्या तोंडाला मुसके बांधले, हे कानी पडताच आंगच्या भोवती वावटळ उठते. सारे पळत सुटतात, आणि कतारा तेवढी पुढे होऊन त्याचे मनगट धरून त्याला खाली ओढते.

परंतु तिसऱ्या पर्वात हीच कतारा, आईच्या मारेकऱ्याचा शोध घेताना, परक्याच्या देहातील रक्तावर हुकमत चालविणारी निषिद्ध विद्या एका भलत्याच माणसावर वापरते. खरा अपराधी समोर आल्यावर मात्र तिने फेकलेली बर्फाची पाती त्याच्यापासून वीतभर अंतरावर थबकतात. अखेरीस आंगही अग्निराष्ट्राचा अधिपती ओझाई याच्यावर उगारलेला घाव आवरतो, त्याची अग्निशक्ती काढून घेतो आणि त्याला जीवदान देतो.

त्याच सुमारास ओझाईची कन्या अझुला, चेरीत एक बी राहिली एवढ्या कारणावरून दासीला हद्दपार करून, मग पहारेकऱ्यांनाही तोच हुकूम देत सुटली होती. अखेर पराभूत होऊन साखळदंडांत जखडलेली ती आक्रंदू लागली, तेव्हा तिचे मनगट धरील असे तिचे कोणीही उरले नव्हते.